हात धुऊन ये

त्या वर्षी वडील सुरतेला गेले ते
आधी महिन्याने यायचे, मग सणाला,
मग फक्त रविवारी, अर्ध्या दरात,
अरिहंत एसटीडीच्या काचेच्या खोक्यात.

आई नंदुरबारच्या पथारीवर मिरचीचे देठ खुडायची.
शाळा सुटली की मीही.
नजर संपेपर्यंत लाल, आणि मधे आम्ही
तोंडाला फडकी बांधून.
रात्री बोटं अशी पेटायची की
ताकाच्या वाडग्यात बुडवून मी भूगोल पाठ करायचो,
गिरणा, बोरी, पांझरा, अनेर.

काउंटरवर बीजल बसायची, दहावीचं गाईड उघडून,
पंख्याने उडणाऱ्या चिठ्ठ्यांवर कुलूप ठेवून.
माझ्याशी बोललेलं तिचं पहिलं वाक्य:
"रिसीव्हरला तिखट लागतं तुमच्यामुळे.
पुढच्या गिऱ्हाइकाचे डोळे जळतात. हात धुऊन ये."
तुमच्यामुळे, आणि ये.
एकाच दमात मी परका आणि ओळखीचा.

मी धुतले. लाइफबॉयने, राखेने,
गोडेतेल चोळून, परत लाइफबॉयने.
पुढच्या रविवारी पंजे पुढे केले,
शाळेत नखं दाखवतात तसे.
ती बघत राहिली. मग शिंकली.
मीही शिंकलो.
मग दोघंही 'सुटे पैसे द्यावेत' या पाटीकडे
पहिल्यांदाच वाचल्यासारखे बघत बसलो.

नाव विचारलं तिने.
भटू म्हणवेना. आजोबांच्या नवसाचं नाव,
वर्गात हजेरीला हसू फुटायचं त्याचं.
म्हटलं, "भूषण."
तेवढ्यात खोक्यातून आई:
"भटू, ये ना भो, तुन्हा बापसंगे बोल!"
बीजलने मान खाली घालून पान उलटलं.
तिचे खांदे हसत होते.

बापाशी मी काय बोलायचो?
जेवलो. हो. पेपर बरे गेले. हो.
आई बाहेर उभी राहून पदराने काच पुसायची,
जसा काही तो आतच बसलाय.
लाल आकडे पळायचे.
आमच्या घरातलं सगळं भांडण
बीजलच्या मशीनमधून छापून यायचं,
सहा मिनिटं बारा सेकंद.
बाप गेला याची नाही वाटायची एवढी लाज,
तो किती रुपयांना गेला
हे हिला ठाऊक, त्याची वाटायची.

संक्रांतीनंतर आईला ताप आला. मी एकटा गेलो.
हात धुतलेले, केसांना तेल,
खिशात बीजलसाठी एक मिरची.
दिवसभर देठं तोडून
हीच एक देठासकट ठेवलेली.

नंबर फिरवला. पलीकडे एक मूल.
मागे कुकर, भांडी, कुणा बाईचं हसणं.
"कोण बोलो छो?"
तोंडातून आलं, "भूषण."
"पप्पा, कोई भूषण छे!"
मी ठेवून दिला.
बावीस सेकंद.

बाहेर येऊन डोळ्याला हात नेला
तर बीजल म्हणाली, "लावू नको, झोंबेल."
"धुतलेत."
"तरी."
चिठ्ठी तिने फाडली, पण पुढे केली नाही,
गाईडात खूण म्हणून घातली.
सुटे नव्हते. उरलेल्या आठ आण्यांची
रावळगावची गोळी दिली.
"घे, भूषण," म्हणाली,
आणि या वेळी खांदे हसले नाहीत.
मिरची खिशातच राहिली.

आई अंधारात जागी होती.
"काय म्हने तो?"
"फोनच लागला नई."
मुठीत चिकट झालेली गोळी मी तिला दिली.
तिने अर्धी चावून
अर्धी माझ्या तोंडात घातली.

तिखट होती.